डाव्या पायातलं रक्त

९ फेब्रुवारी, अकोला

घोडा उभा असेपर्यंत मला काही वाटत नाही. तो आडवा झाला की मी त्याचे श्वास मोजत बसतो. आणि तारा मॅडमनी मला दवाखान्यात ठेवलंय ते घोडे आडवे करायलाच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मुलाखतीत मीच छाती काढून म्हणालो होतो, मोठ्या जनावरांना भूल देण्यात मला विशेष रस आहे. रस! कुठून सुचलं कोण जाणे.

कुत्र्याचं बरं असतं. भूल उतरली की धडपडत उठतो, शेपटी हलवतो, मालकाच्या मांडीवर जाऊन बसतो. घोड्याचं तसं नाही. एवढं मोठं धूड एका कुशीवर पडलं की स्वतःच्याच वजनाखाली त्याचं खालच्या बाजूचं मांस दबतं. तिथं रक्त पोचलं नाही तर ते मांस मरतं. मग ऑपरेशन कितीही सुरेख होवो, घोडा उठत नाही. आणि जो उठत नाही तो जगत नाही. भूल दिलेल्या धडधाकट घोड्यांतही शंभरात एखादा जातोच, हे वाक्य मी कॉलेजात वाचलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

मॅडमनी आता नवं सोनोग्राफी मशीन घेतलंय. मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेत प्रोब टेकवायचा, की पायाच्या मुख्य धमनीतलं रक्त पडद्यावर दिसतं. दर ठोक्याला एक लाट. लाट रेषेच्या वर असली म्हणजे रक्त पायाकडे चाललंय, रेषेच्या खाली गेली म्हणजे माघारी फिरतंय. काहीही औषध द्यायच्या आधी एकदा बघायचं, तो घोड्याचा स्वतःचा आकडा. मग गुंगीचं इंजेक्शन दिल्यावर, मग पूर्ण भूल असताना सारखं, आणि सगळं त्या पहिल्या आकड्याशी ताडायचं.

मॅडम म्हणाल्या, "शुभंकर, आता तुझी सबब संपली. रक्त पोचतंय की नाही ते डोळ्यांनी दिसेल."

दिसेल, खरं आहे. आजवर कळत नव्हतं म्हणून घाबरायचो. आता कळलं तर करायचं काय, म्हणून घाबरतोय. मशीन आल्यापासूनची पहिली घोडी उद्या येतेय.

१० फेब्रुवारी

चांदूर बाजारहून घोडी आली. नाव चिमणी. चांगली साडेचारशे किलोची चिमणी! अबलख, कपाळावर चांद, मान लांब. देखणी आहे, उगाच नाही म्हणायचं.

मालक भगवंतराव, साठी उलटलेले, काळ्या रानाचे मोठे शेतकरी. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आणि त्याहून कडक मान. बरोबर त्यांची बायको रुख्मिणीबाई, त्यांनी संत्र्यांची पिशवी आणली. "घरच्या बागेतले आहेत जी, खाऊन पाहा," म्हणाल्या आणि लगेच मॅडमच्या टेबलावर ढीग केला.

दिवाळीच्या सुमारास चिमणीच्या मागच्या उजव्या पायाला कुंपणाची तार लागली होती. जखम वरून भरली, पण आत हाडाचा एक तुकडा मेला. तो आत आहे तोवर पू थांबायचा नाही आणि एक दिवस सगळा पायच जाईल. तो काढायला पूर्ण भूल हवी. उजवा पाय वर हवा, म्हणजे घोडी डाव्या कुशीवर. डावा पाय खाली दबणार. माझं सगळं लक्ष त्या डाव्या पायाकडे.

टेम्पोतून उतरताना ती इतकी गरीब होती की मी मनातल्या मनात हात जोडले. पापण्या जड, खालचा ओठ लोंबलेला. प्रवासानं दमली असेल. नवी जागा, नवी माणसं, पण कानसुद्धा टवकारले नाहीत.

मॅडमनी विचारलं, "घरून काही औषध, इंजेक्शन?"

"नाई जी. तिनं सुई पाह्यलीच नाई कधी," भगवंतराव म्हणाले.

"वरातीला देता का हिला?"

यावर ते असे काही ताठ झाले! "आमी काय भाड्यानं घोडी देनारे वाटलो का तुमाले? आमच्या आज्यापासून घोडी दारात हाय. शौक हाय तो आमचा."

मॅडम सॉरी म्हणाल्या. रुख्मिणीबाई खाली बघून संत्रं सोलत राहिल्या.

मग मी प्रोब लावला. आणि लाट? एवढीशी! दोन लाटांमध्ये भलतं अंतर. हृदयाचे ठोकेही मंद, मध्येच एखादा गाळलेला. ठोका गाळण्याचं ठीक आहे, तालमीतल्या घोड्यांत ते दिसतं, पुस्तकात आहे. पण काही औषध न दिलेल्या घोडीच्या पायात रक्त इतकं कमी? मी चार वेळा जागा बदलली, जेली लावली, पुसली, परत लावली. तेच. माझा हात चुकतोय. पहिल्याच दिवशी हसं नको म्हणून मॅडमना सांगितलं, "अजून हात बसायचाय, उद्या परत घेतो." त्या म्हणाल्या, "घे." बस, एवढंच. त्यांचं ते एका शब्दाचं बोलणं मला नेहमी धमकीसारखं लागतं.

११ फेब्रुवारी

आज उलटाच प्रकार. सकाळी गेलो तर चिमणी गोठ्यात गरागरा फिरतेय, नाकपुड्या फुललेल्या, कान मागे. बुधाजी, आमचा जनावरं सांभाळणारा, दोर धरून घामाघूम. "साहेब, काल गाय होती, आज वाघीन कशी झाली?" म्हणाला. जवळ जायला मला अर्धा तास लागला आणि तिला माझा हात सोसायला तेवढाच. प्रोब लावला तर लाटा उंचच उंच, भराभर, पडद्याच्या वर निघून जातील अशा.

एकच घोडी, एकच पाय, एकच मशीन, एकच मी. आकडे दोन टोकांना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत झाली. कालचा खरा की आजचा? आज ती बिथरलेली होती, म्हणून आजचा फुगलेला. काल माझा हात चुकला, म्हणून कालचा खोटा. शेवटी मी दोन्हींची सरासरी काढली आणि तो तिचा स्वतःचा आकडा म्हणून लिहून टाकला. लिहिताना लाज वाटली. पण मॅडमसमोर काहीतरी ठेवावं लागतं ना, बाप्पा.

भगवंतराव दाराशी उभं राहून बघत होते. चेहरा उतरलेला. म्हणाले, "भेते ती, डॉक्टर. पन उद्या सकाळी शांत राहीन. तुमी काळजी नोका करू." त्यांनाच मी धीर द्यायचा, तर तेच मला देत होते. चांगला माणूस आहे. रात्री गोठ्याशेजारीच सतरंजी टाकून झोपणार म्हणाले.

संध्याकाळी अमरावतीहून बाबांचा फोन. बाबा पन्नास वर्षं लोकांची लग्नं लावताहेत, त्यामुळे जिल्ह्यातलं कुठलंही गाव काढा, त्यांचा तिथं यजमान असतोच. मी म्हटलं, उद्या चांदूर बाजारच्या भगवंतरावांच्या घोडीचं ऑपरेशन आहे.

"अबलख? कपाळावर चांद? अरे, पाह्यली ना मी! मागच्या महिन्यातच शिरजगावच्या लग्नात होती. काय घोडी आहे! कानाशी बँड, पायाशी फटाके, पण ती ढिम्म. नवरदेवाच्या भावाच्या खांद्यावर मान टाकून उभी. असं गुणी जनावर मी पाह्यलं नाही."

मी म्हटलं, ती दुसरी असेल, हे लोक वरातीला देत नाहीत. बाबा म्हणाले, असेल बाबा, माझे डोळे आता तसेच आहेत. मग जेवलास का, कोण करतं, डबा कसा आहे, सगळं विचारलं. ऑपरेशनचं मी जास्त बोललो नाही. मी घाबरलोय हे त्यांना लगेच कळलं असतं.

१२ फेब्रुवारी, सकाळ

देवाची कृपा. चिमणी आज शांत आहे. मी गोठ्यात गेलो, तिच्या मानेवर हात ठेवला, आणि तिनं हळूच डोकं माझ्या खांद्यावर टाकलं! पूर्ण भार. डोळे अर्धे मिटलेले. काल जिनं जवळ येऊ दिलं नाही तिनं आज मला ओळखलं. जनावराला माणसाची नियत कळते म्हणतात ते खोटं नाही.

शेवटचा आकडा घेतला. पुन्हा परवासारखा, बारीक, मंद. म्हणजे परवा माझा हात चुकला नव्हता? की आजही चुकतोय? मॅडमना सांगावं का, की थांबू या, मला कळत नाहीये? काय सांगू? घोडी शांत आहे म्हणून मला भीती वाटते, असं? त्या म्हणतील, शुभंकर, तू अशांत घोडीलाही घाबरतोस.

नाही सांगितलं. निघतो.

१२ फेब्रुवारी, दुपार

हे भूल उतरवायच्या खोलीबाहेर बसून लिहितोय. हातात काहीतरी हवं, नाहीतर नखं खाऊन संपतील. आत भिंतींना गाद्या, खाली जाड रबर, आणि त्यावर चिमणी पडलीय. उठत नाहीये.

सगळं आठवेल तसं लिहितो. गुंगीचं इंजेक्शन मी नेहमीच्या मापानं दिलं. नेहमी घोडा त्यावर मान खाली घालतो, ही पुढच्या गुडघ्यांवर कोसळायलाच आली. बुधाजी आणि मी दोघांनी भिंतीला टेकवून धरली. पण भूल चढली, घशात नळी गेली, कप्पीनं उचलून टेबलावर डाव्या कुशीवर घेतली. मी डाव्या मांडीखाली हवेची गादी सारली, वरचा पाय आधारावर बांधला, खालच्या पायाच्या जांघेत प्रोब लावला आणि तिथंच गुडघ्यांवर बसून राहिलो.

मॅडमनी काम सुरू केलं. लाट बारीकच होती. मग रक्तदाब उतरायला लागला. मी सलाईन वाढवलं, भूल कमी केली, दाब वाढवायचं औषध सुरू केलं. लाट आणखी बारीक. मग दर लाटेनंतर रेषेच्या खाली एक खड्डा पडायला लागला. मशीनचा तो हुश्श आवाज तुटक तुटक झाला. रक्त पायाकडे एक पाऊल टाकतंय आणि अर्धं पाऊल मागे येतंय, असं माझ्या डोळ्यांसमोर. डाव्या पायाचं मांस माझ्या हाताखाली उपाशी मरत होतं आणि मी नुसता पडद्याकडे बघत होतो.

शेवटी म्हणालो, "मॅडम, मला भीती वाटतेय."

वर न बघता म्हणाल्या, "भीती सांगू नकोस. आकडा सांग."

मी आकडा सांगितला. त्यांचा हात थांबला. "तुकडा निघालाय. आजूबाजूचं खरवडायचं राहिलंय. दहा मिनिटं दे."

"नाही," मी म्हणालो. माझाच आवाज, पण मलाच ओळखू आला नाही. "एकसुद्धा नाही. खाली रक्त जात नाहीये, मॅडम. टाके घाला आणि उठवा हिला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि टाके घ्यायला लागल्या.

आता इथं. इतर घोडे एव्हाना उठून उभे असतात. ही मघाशी एकदा उठायला गेली. पुढचे दोन पाय रोवले, मागचा उजवा रोवला, आणि डावा पाय नुसता घसरत गेला. जणू तो तिचा नव्हेच. धाडकन पडली, डोकं गादीवर आपटलं. खिडकीपाशी उभ्या रुख्मिणीबाई "माय वो!" करून मटकन खालीच बसल्या. मी आत जाऊन डाव्या मांडीला हात लावला. लाकूड. नुसतं लाकूड.

मला रडू येतंय. मॅडम आत तिच्या डोक्याशी बसल्यात. मी

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ

मघाचं वाक्य अर्धं राहिलं, कारण बाहेर आरडाओरडा झाला.

रुख्मिणीबाई नवऱ्यावर ओरडत होत्या. आल्यापासून ज्या बाई चार वाक्यंही बोलल्या नव्हत्या, त्या! "सांगा नं आता! सांगून टाका! घोडी मराले लागली अन् तुमी काय इज्जत घेऊन बसले?"

भगवंतराव भिंतीला टेकून उभे. तोंडाचा रंग गेलेला.

"तुमी नाई सांगत तं मी सांगतो," म्हणत त्या सरळ माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर, यायनं तिले आज पहाटी इंजेक्शन देल्लं. टेम्पोत चढवताना बी देल्लं होतं. आमचा पोरगा किशोर तिले वरातीत नेते. तिकडं सारेच देतात, भेऊ नये म्हनून. वरातीचं इंजेक्शन म्हनतात त्याले."

मी भगवंतरावांकडे वळलो. ते हळूच म्हणाले, "भेऊन राहिली होती जी ती. काल पाह्यलं नं तुमी? वाटलं, अशी थरथरत तुमच्या टेबलावर जाईन तं तिचं काळीज फाटन. म्हनून देल्लं. चांगल्यासाठीच देल्लं."

"किती दिलं?"

"नेहमीचं."

"नेहमीचं म्हणजे किती हो?"

"सुई भरून."

पिशवीतून बाटली काढून दिली. बघितली आणि वरचं नाव दोनदा वाचलं. माझंच औषध. मी जे दिलं तेच, तीच जात, फक्त जास्त वेळ टिकणारं. त्यावर मी माझं माप ओतलं. ज्या औषधानं पायातल्या रक्तवाहिन्या आखडतात, ते तिला दुप्पट मिळालं, वर भूल, वर स्वतःचं वजन.

एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता. "मॅडमनी तुम्हाला विचारलं होतं! तोंडावर विचारलं होतं! वरातीत नेता हे सांगायला कसली लाज? कोण हसणार होतं तुम्हाला?" मी ओरडत होतो, दवाखान्याच्या ओट्यावर, बापाच्या वयाच्या माणसावर. ते हात जोडून उभे. मग त्यांच्या त्या जोडलेल्या हातांकडे बघवेना.

कारण मशीननं मला दोनदा सांगितलं होतं. परवा सांगितलं, आज सकाळी सांगितलं. गुंगीतल्या घोडीचं चित्र मी गुंगी द्यायच्या आधी बघितलं आणि माझा हात चुकला म्हणून सोडून दिलं. भगवंतरावांनी लाजेपायी खोटं सांगितलं आणि मी भीतीपायी खरं ऐकलं नाही. यात कोण कुणाला बोलणार?

आणि खांद्यावर डोकं. मी काय काय लिहून ठेवलंय सकाळी! नियत म्हणे.

मॅडम बाहेर आल्या, बाटली बघितली. या औषधाला उतारा आहे. पण उतारा दिला की गुंगीबरोबर दुखणं दाबणारा असरही जातो. घोडी एकदम जागी होणार, दुखऱ्या पायानं, अनोळखी खोलीत. बिथरून उठली आणि पुन्हा पडली तर हाड मोडेल, मग खेळ खलास. नाही दिला तर ती तशीच पडून राहणार आणि दर मिनिटाला डावा पाय आणखी मरणार.

"भूल तुझी," मॅडम म्हणाल्या. "तू ठरव."

मी म्हणालो, थोडा थोडा देऊ. आणि दिला. सुई टोचताना मॅडमनी माझं मनगट धरलं. तेवढंच. सलाईन सुरू, दुखण्याचं दुसरं औषध सुरू, बुधाजी शेपटीला दोर बांधून मागे, भगवंतराव डोक्याशी. त्यांना आत घेऊ नये असा नियम आहे. मॅडमनीच घेतलं. ते तिच्या कानाशी लागून म्हणत होते, "ऊठ वो माय. ऊठ, चिमने. चुकलं माह्यं. ऊठ."

पहिल्यांदा उठली नाही. दुसऱ्यांदा कुत्रं बसतं तशी बसली आणि मागे कलंडली. मी डोळे मिटले. मग दोराला हिसका बसल्याचा आवाज, खुरांचा आवाज, बुधाजीचं "धरा, धरा!" आणि डोळे उघडले तर ती उभी. तीन पायांवर. डावा मागचा पाय नुसता टेकलेला, त्यावर काही भार नाही, आणि सगळं अंग थरथरतंय.

कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. उभी आहे, एवढंच. उद्या असेल का, माहीत नाही.

१४ फेब्रुवारी

डावी मांडी सुजून टम्म. लघवी काळ्या चहासारखी. मेलेल्या मांसाचा रंग तो, मूत्रपिंडं निकामी करू शकतो. रात्रंदिवस सलाईन. जांघेत प्रोब लावतो, लाट आहे, पण दबलेली. उजवा पाय ऑपरेशनचा, डावा हा असा. दोन्ही मागचे पाय असे असताना घोडी उभी राहणार कशी आणि किती? ती आडवी झाली की संपलं. छताच्या तुळईला पट्टे टाकून तिच्या पोटाखाली आधार दिलाय.

जवळ गेलो की डोळे मोठे करते. भेते. मीही भितो. आमचं दोघांचं तेवढं जमतं.

१५ फेब्रुवारी

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. पहाटेच्या इंजेक्शनचं त्यांनी पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे ती गुणी नव्हती रे. बेशुद्ध होती." आणि पुढं, "मी तिला हार घातला होता."

१८ फेब्रुवारी

लघवीचा रंग उतरला. मी बुधाजीला मिठी मारली, तो म्हणाला, साहेब, अंगाले शेण लागलंय. लागू दे.

भगवंतराव अजून इथंच आहेत. घरी जा म्हटलं तर जात नाहीत. आज गावाकडून कुणाचा तरी फोन आला, घोडी वरातीला हवी होती. मी तिथंच होतो. सगळ्यांसमोर जोरात म्हणाले, "आतालोक देत होतो, आता नाई देत." त्या "देत होतो"साठी त्यांना केवढा जोर लागला ते गळ्याच्या शिरांवर दिसत होतं. रुख्मिणीबाईंनी मला नुसती भुवई उडवून दाखवली.

२३ फेब्रुवारी

लाट वाढतेय. खड्डा भरला. मॅडमना पडदा दाखवला. "हं," म्हणाल्या. मग दाराशी जाऊन वळल्या, "त्या दिवशी दहा मिनिटं घेतली असती तर ती उठली नसती." आणि गेल्या. मी प्रोब पुसून परत लावला.

पण पायावर भार अजून देत नाही. टेकवते, उचलते. मांस परत येईल की तेवढं गेलं ते गेलंच, हे सोनोग्राफीत दिसत नाही. रक्त दिसतं, ताकद दिसत नाही. लंगडी घोडी किती दिवस काढते? दुसऱ्या पायावर सगळा भार येऊन तोही जातो. हे मी त्या दोघांना सांगितलेलं नाही. रोज सांगायचं ठरवतो आणि रोज रुख्मिणीबाई चहा आणून देतात.

४ मार्च

आज चिमणी घरी गेली.

पट्टे काढून आठवडा झाला. चालते, पण डावा पाय राखून, हळू. शेवटी मीच भगवंतरावांना सांगून टाकलं होतं, की तो पाय पूर्ण येईलच असं नाही. ते म्हणाले, लंगडी तं लंगडी, आमच्या दारात राहीन. पण रात्री सतरंजीवर तोंड फिरवून पडले होते.

टेम्पो आला. मागची फळी टाकली. चिमणीनं टेम्पो बघितला आणि तिथंच चार पाय रोवले. कान मागे, अंगावर शहारे, डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलं. इतकी वर्षं ती टेम्पोत चढली ती कधी जागेपणी चढलीच नव्हती. आज पहिल्यांदा बघत होती बिचारी, हे काय आहे ते.

भगवंतराव माझ्याजवळ आले. आवाज खाली. "डॉक्टर, तुमीच द्या नं थोडंसं. मापात. पावभर सुई."

मलाही क्षणभर वाटलं, द्यावं. फळी उतरती, पाय कच्चा, घसरली तर? पण मी उत्तर द्यायच्या आत रुख्मिणीबाई आल्या. "काई नाई देनं. भेऊ द्या तिले. जित्ती हाय तं भेईनच."

मग बसलो सगळे. मॅडमसुद्धा खुर्ची आणून उन्हात बसल्या. भगवंतराव भिजवलेले हरभरे हातात घेऊन टेम्पोत उकिडवे. ती एक पाऊल टाकायची, हुंगायची, मागे यायची. पुन्हा टाकायची. टेम्पोवाला वैतागला, त्याला मॅडमनी एका "थांब"मध्ये गप्प केलं. उन्हं कलली. शेवटी पुढचे दोन पाय फळीवर आले, आणि मला राहवलं नाही. डावा पाय नीट टेकतोय ना, एवढंच बघायला मी मागून गेलो. घोडीच्या मागून! पहिल्या वर्षाच्या पोराला विचारा, तोही सांगेल, घोड्याच्या मागून जाऊ नये.

काय झालं ते मला दिसलंच नाही. मांडीवर घण बसला आणि मी धुळीत आडवा. आकाश दिसलं, मग मॅडमचं तोंड, मग बुधाजीचं. "साहेब, हाड तं नाई मोडलं?" मॅडम पाय चाचपून बघताहेत, कधी नव्हे ते घाबरलेल्या. आणि मी ओरडतोय, "कोणता? कोणता पाय होता?"

कुणाला कळेना मी काय विचारतोय.

"अहो, कोणत्या पायानं मारली तिनं?"

टेम्पोतून भगवंतरावांचा आवाज आला. रडत होते की हसत होते, देव जाणे. "डावा! डावाच होता, डॉक्टर! उजव्यावर उभी राहून डाव्यानं हानली!"

तेवढ्यात ती वर चढलीही होती.

हाड मोडलेलं नाही. मॅडमनी बर्फ लावला, दोन दिवस सुट्टी दिली. मांडी काळीनिळी झालीय, खूर कुठून कुठपर्यंत बसला ते स्पष्ट दिसतं. बाबांना फोन केला, म्हटलं, चिमणीनं लाथ मारली, चालता येत नाहीये.

"अरे बाप रे," बाबा म्हणाले. "मग हसून काहून राहिला तू?"